‘आधी फायरवॉल बंद करा’

ऑफिसातला प्रिंटर शेजारच्या कॉम्प्युटरला दिसेना, हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडलं जाईना, की आलेला हार्डवेअरवाला पहिली विंडोजची फायरवॉल बंद करतो. काम होतं, तो पैसे घेऊन जातो आणि फायरवॉल पुन्हा चालू करायचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. कुणी हटकलंच तर समर्थन तयार: राउटर आहे, अँटिव्हायरस आहे, शिवाय हल्लीचे चोर फोनवरून ओटीपी मागतात, तिथे फायरवॉल काय करणार? यातलं शेवटचं म्हणणं वजनदार आहे, त्याकडे सावकाश येऊ. आधी थोडा इतिहास, कारण हा वाद एकदा निकाली निघालेला आहे.

विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली; आणि नेटवर्क जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये अशा कोपऱ्यात, की सामान्य माणसाला सापडूच नये. जुलै २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आरपीसी नावाच्या सेवेतल्या एका भगदाडावर दुरुस्ती दिली. महिना उलटायच्या आत, ११ ऑगस्टला, ब्लास्टर हा वर्म सुटला. त्याच्यासाठी कुणी ईमेल उघडायला नको की कुठे क्लिक करायला नको. मशीन इंटरनेटला जोडलेलं आणि १३५ क्रमांकाचा पोर्ट उघडा, एवढं पुरे. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं, त्यामुळे दुरुस्ती उतरवून घ्यायलाही उसंत मिळेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टने लोकांना कोणती पहिली पायरी सांगितली? आधी फायरवॉल चालू करा, मग दुरुस्ती घ्या. मशीन तेच, भगदाड तेच. वाचणं न वाचणं एका टिचकीवर होतं. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर सॅसर वर्म ४४५ पोर्टवरून तसाच शिरला. ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल चालू अवस्थेतच येऊ लागली. बनवणाऱ्या कंपनीने ठेच खाऊन सुधारलेली चूक आपण मात्र व्हिजिट चार्ज देऊन परत करून घेतो!

राउटरचा मुद्दा अर्धा खरा आहे. राउटरच्या एनएटीमुळे १९२.१६८ ने सुरू होणारे घरातले पत्ते बाहेर दिसत नाहीत, आणि बाहेरून न बोलावता आलेली जोडणी तिथेच गळते. पण त्याच वायफायवर बसलेल्या पाहुण्याच्या लॅपटॉपपासून किंवा स्वस्तातल्या कॅमेऱ्यापासून तो सहसा वाचवत नाही. लॉजच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर तर शेजारी कोण आहे हेही ठाऊक नसतं, आणि आपला राउटर घरी राहिलेला असतो. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो, तिथे एनएटीचा आडोसाही नाही. अँटिव्हायरसचं काम निराळं. तो मुख्यतः फायली तपासतो. ब्लास्टर आधी चालू सेवेत घुसायचा आणि फाइल नंतर उतरवायचा.

आता ओटीपी. मान्य, स्वतःहून ओटीपी सांगणाऱ्याचा हात फायरवॉल धरत नाही. विंडोजची फायरवॉल मुळात आत येणाऱ्या अनाहूत जोडण्या अडवते, बाहेर जाणाऱ्यांना बहुतेक मोकळीक देते. फसव्या अटॅचमेंटवर क्लिक केलं तर शत्रू आपणच आत घेतलेला असतो. पण एक मशीन गेलं, तर बाकीच्यांपैकी किती जाणार? २७ जून २०१७ ला नोटपेट्या हा वर्म युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतल्या त्यांच्या समूहाच्या कंटेनर टर्मिनलचंही काम कोलमडलं. मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं. पहिला शिरकाव फायरवॉलने रोखला नसता. मात्र आतला प्रसार झाला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भगदाडातून आणि चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर, एका मशीनवरून दुसऱ्यावर. एका कारकुनाच्या मशीनला दुसऱ्या कारकुनाच्या मशीनचा ४४५ पोर्ट उघडा लागतो कशाला? तो बंद ठेवणं हे मशीनच्या स्वतःच्या फायरवॉलचंच काम. राउटर तिथे मध्ये येतच नाही.

मग प्रिंटरचं आणि हिशेबाचं काय? अडचण खरी आहे, इलाज मात्र रोगापेक्षा जालीम. फायरवॉलमध्ये एकाच प्रोग्रामला परवानगी देता येते, आणि तीही फक्त ऑफिसातल्या पत्त्यांपुरती. ऑफिसच्या जाळ्याला ‘प्रायव्हेट’ म्हणायचं, अनोळखी वायफायला ‘पब्लिक’. दोघांचे नियम वेगवेगळे राहतात. पाच-दहा मिनिटांचं काम, पण ते यावं लागतं. काही महाभाग तर फायरवॉलची सेवाच थांबवून टाकतात. तसं करू नका, असं मायक्रोसॉफ्टच बजावते: त्याने स्टार्ट मेनूही बंद पडू शकतो.

मॅक वापरणाऱ्यांनी गाफील राहू नये. तिथे फायरवॉल सहसा बंदच मिळते; सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली जाऊन ती आपण चालू करायची. उबुंटूतली यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉलही तशीच. (दूरच्या सर्व्हरवर ती चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.)

विंडोजवाल्यांनी आज ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’मध्ये डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही ओळींपुढे ती चालू आहे का पाहावं. आणि पुढच्या वेळी दुरुस्तीवाला आला, की कोणत्या प्रोग्रामला परवानगी दिली ते कागदावर लिहून मागा. ‘सगळीच बंद केली’ असं उत्तर आलं, तर ती त्याच्याकडूनच चालू करून घ्या. पैसे त्यानंतर द्या.