रात्री अकरा वाजता स्थितिकरण कोण करणार?



दशलक्षण पर्वातली गोष्ट. समोरच्या घरातल्या मुलाचा आठवा उपवास होता. रात्री अकराच्या सुमारास भांडी आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्याच्या आईचं रडणं. मला काकू म्हणणारा हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा शांत मुलगा आतून कडी लावून ओरडत होता, पाण्यात विष कालवलंय म्हणून. जिन्यात वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी मोबाईल वर धरून शूटिंग करत होतं. ११२ ला फोन मी केला. दुसरं काय करायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

पोलीस वाईट वागले नाहीत. पण दार उघडताच खाकी कपडे दिसले आणि तो गच्चीच्या कठड्यापर्यंत पळाला. शेवटी ओढणीने हात बांधून त्याला सगळ्या गल्लीदेखत खाली आणलं. आज तो बरा आहे, कामावर जातो. पण माझ्याकडे मान वर करून बघत नाही.

नंतर कळलं की त्याला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या. दहा उपवास करायचे म्हणून त्याने त्या बंद केल्या होत्या. पाचव्या दिवशी बस्तीत आम्ही सगळ्यांनी त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. गोळ्यांचं काय, हे एकीनेही विचारलं नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधतं, हे आपण पाठशाळेत शिकलो. मग त्या रात्रीत माझीही अनुमोदना होती.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. अशा वेळी दारात पहिली यायला हवीत ती गल्लीतली, ओळखीची, शिकवून तयार केलेली दोन माणसं. पोलीस गरज पडली तर त्यांच्या मागून.

सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यातलं स्थितिकरण म्हणजे डळमळणाऱ्याला सावरून स्थिर करणं. ते आपण धर्मापासून ढळणाऱ्यापुरतंच ठेवलं. ज्याचं मनच जाग्यावर नाही, त्याच्याइतका डळमळलेला दुसरा कोण? आणि उपगूहनाचा तर आपण सोयीचा अर्थ लावला. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर मांडू नये, एवढंच ते सांगतं. आजार हा दोष नव्हे. सोयरिकी मोडतील म्हणून आजारी सुनेला मागच्या खोलीत कोंडणं हे उपगूहन नाही, ती हिंसा आहे.

कायदा आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पोलिसांना बजावतो की रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेतलं तरी कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असंच हा कायदा धरून चालतो. कायद्याला तो रुग्ण दिसतो. गल्लीला मात्र तमाशा दिसतो.

कुणी म्हणेल, सरकारची टेलिमानस सेवा आहे की. आहे, आणि चांगली आहे. २०२२ पासून १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. प्रत्येकीने आजच मोबाईलमध्ये घालून ठेवावा. पण फोनवरचा आवाज जिना चढून येत नाही. जमलेली गर्दी तो हटवू शकत नाही.

दुसरा आक्षेप, हे डॉक्टरांचं काम, आपल्याला काय कळतं? पुण्याच्या संस्थेने सुरू केलेला ‘आत्मीयता’ हा उपक्रम बघा. आधी आपल्या नाशिक जिल्ह्यात आणि मग गुजरातेत मेहसाण्यात गावातल्याच स्त्री-पुरुषांना दुःखी माणूस ओळखायला, त्याचं ऐकून घ्यायला आणि आजार मोठा दिसला तर दवाखान्यात पोचवायला शिकवलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. ते रात्री धावून जाणारं पथक नव्हे, पण साधी माणसं शिकू शकतात हे त्यातून कळतं. आणि धावून जाणारं पथकही जगात झालंय. अमेरिकेत यूजीन शहरात १९८९ पासून एक वैद्यकीय मदतनीस आणि एक समुपदेशक अशी जोडी, बिनहत्यारी, गाडीतून हाकेला जात असे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशाअभावी त्या शहरातली सेवा बंद पडली. मी कॉमर्सची, म्हणून हेही सांगते की नुसत्या सद्भावनेवर काही टिकत नाही, वर्षाच्या हिशोबात त्याचं खातं लागतं.

आणि पैसा नाही असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार? पूजेचे सवाल बोलताना आकडे कसे चढतात, ते आपण बघतोच. त्यातला एक सवाल या कामाला द्या. प्रत्येक बस्तीमागे सहा माणसं, निम्म्या बायका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाला शिकवायला विनंती करा. गर्दी हटवायची, एकानेच हळू आवाजात बोलायचं, त्याच्या भासाशी वाद घालायचा नाही, सुरी-कात्री गुपचूप उचलायची, जिवाचं काही मनात आहे का हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हातात हत्यार असेल तर पोलीस बोलवायचेच, दवाखान्यात न्यायला १०८ आहेच. आणि मदतीला जाताना जात-धर्म विचारायचा नाही.

येत्या पर्वात आणखी एक करा. उपवासाचं पच्चक्खाण घेणाऱ्याला आधी विचारा, “बाळा, गोळ्या चालू आहेत का? डॉक्टरांना विचारलंस?” काही औषधं अशी असतात की पाणी कमी पडलं तर अंगात विषासारखी साठतात, लिथियम त्यातलंच. एकासन कर, रसत्याग कर, स्वाध्याय कर. तपाचे बारा प्रकार काय उगाच सांगितलेत? वैयावृत्त्य म्हणजे सेवा, तीही त्यातच आहे.

पुढच्या रविवारी बस्तीच्या कमिटीपुढे मी हा विषय मांडणार आहे. पहिलं नाव माझं लिहा. गुडघे दुखतात, पण समोरचा जिना मला अजून चढता येतो.