विश्लेषण : आजोबांच्या पेटीतले पिस्तूल नेमके कुणाचे?

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि आपले रिव्हॉल्व्हर लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या हवाली केले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. शरणागतीची बोलणी करणारे मेजर जनरल जेकब यांनी ते रिव्हॉल्व्हर नंतर निरखून पाहिले, हे फारसे कुणी सांगत नाही. नळीत घाण साचलेली, दोरी मळकी आणि विरलेली, शस्त्र .३८ बोअरचे, सैन्यात सर्रास मिळणारे. हे नियाझींचे स्वतःचे नव्हेच, कुणा मिलिटरी पोलिसाचे घेऊन पुढे केले असावे, असे जेकब यांनी आपल्या पुस्तकात नोंदवले.

साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर दिलेल्या शस्त्राची ही कथा. मग माळ्यावरच्या लोखंडी पेटीत निघालेल्या पिस्तुलाबद्दल घरात जे सांगितले जाते, ते तपासून घ्यायला नको का?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढले, पुढे इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्याच लढायांसाठी. काही जण ब्रह्मदेशात जपान्यांसमोर होते. तेव्हा सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात परदेशी पिस्तूल किंवा त्याचे चामडी होल्स्टर निघाले तर नवल नाही. नवल याचे, की घरोघरी ते ‘जर्मन अधिकाऱ्याचे’च असते.

शिक्के काय सांगतात?

इटलीतून आलेले छोटे पिस्तूल बहुधा बेरेटा १९३४ असते. त्याच्या सरकत्या भागावर कारखान्याचे नाव, ‘९ कॉर्टो’ हे बोअर आणि साल कोरलेले असते. सालापुढे रोमन आकडा दिसतो. १९४१ च्या पुढे रोमन १९ असेल तर तो मुसोलिनीच्या राजवटीचा एकोणिसावा वर्षांक. ही कालगणना ऑक्टोबर १९२२ पासून धरत. म्हणजे पिस्तूल स्वतःच आपली जन्मतारीख दोनदा सांगते.

जपानी ‘टाइप १४’ नंबू आणखी मजेशीर. त्यावर शोवा या सम्राटकाळाचे चिन्ह आणि १९.२ असा आकडा असतो. १९ मध्ये १९२५ मिळवा, १९४४ आले. २ म्हणजे फेब्रुवारी. ट्रिगरभोवतीची कडी मोठी असेल तर नमुना १९३९ नंतरचा, थंडीत हातमोजे घालूनही बोट शिरावे म्हणून बदललेला. आजोबा १९४३ मध्ये परतले आणि पिस्तुलावर १९४४ आहे, असे दिसले तर पिस्तूल खोटे ठरवू नका. कहाणीत कुठेतरी दुसरा हात आहे, एवढेच समजा.

जर्मन ल्यूगर म्हणजे पी-०८ ओळखायला सोपे, वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडतो. जुन्यांवर ‘डीडब्ल्यूएम’ची गुंफलेली अक्षरे, नंतरच्यांवर ‘एस/४२’ किंवा ‘बीवायएफ’ हे माउझर कारखान्याचे सांकेतिक नाव. वॉल्थर पी-३८ वर ‘एसी’ म्हणजे वॉल्थर, ‘सीवायक्यू’ म्हणजे स्प्रीवेर्क. कारखान्याचे नाव लपवायचे म्हणून ही अक्षरे होती. आज तीच ओळखीची किल्ली आहेत.

गरुडाच्या शिक्क्यावरून मात्र लोक भलत्याच निष्कर्षावर येतात. तो तपासनिसाचा शिक्का, मालकाचा नव्हे. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या एफएन कारखान्यात बनलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरवरही तो असतो. त्याच जातीचे पिस्तूल कॅनडातल्या इंग्लिस कारखान्याने मित्रराष्ट्रांसाठी बनवले. त्यामुळे गरुड पाहून ‘एसएस अधिकाऱ्याचे’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारा.

होल्स्टर फेकून का देऊ नये?

माझ्या मते ओळख पटवताना सगळ्यात दुर्लक्षित वस्तू होल्स्टर. लोक पिस्तूल जपतात आणि बुरशी आलेले चामडे टाकून देतात. जर्मन होल्स्टरच्या पाठीवर ‘पी.०८’ किंवा ‘पी.३८’ आणि बहुधा कारागीर, शहर व साल छापलेले असते. युद्धाच्या उत्तरार्धात नावाऐवजी तीन अक्षरांचा संकेत. कडेला जादा मॅगझिनचा खिसा असतो. ल्यूगरच्या होल्स्टरमध्ये झाकणाखाली सुटे भाग काढायच्या हत्याराची छोटी थैलीही असते. पिस्तूल १९४१ चे आणि होल्स्टर १९३७ चे असेल तर दोन्ही नंतर एकत्र आली असू शकतात. अशी सरमिसळ युद्धातही होई. जपानी होल्स्टर चामड्याचे असेल तर साधारण आधीच्या काळातले, रबर लावलेल्या कापडाचे असेल तर टंचाईच्या दिवसांतले.

म्हणून होल्स्टर तेल लावून चमकवू नका, टाके उसवले तर तसेच राहू द्या. आतल्या बाजूला शाईने लिहिलेले नाव किंवा क्रमांक असेल तर फोटो काढून ठेवा. अमेरिकी सैनिकांना शत्रूचे शस्त्र घरी नेताना वरिष्ठाच्या सहीचा दाखला घ्यावा लागे. आज संग्राहक त्या एका कागदासाठी बरीच जास्त किंमत मोजतात. आपल्याकडच्या घरात त्याचे काम डिस्चार्ज बुक आणि जुनी पत्रे करू शकतात. रद्दीत घालू नका.

कायदा काय म्हणतो?

इथे कौतुक बाजूला ठेवावे लागते. ‘आजोबांची आठवण’ हा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे विनापरवाना पिस्तूल जवळ ठेवणे गुन्हा आहे. ल्यूगरसारखी ९ मिमीची सैनिकी पिस्तुले प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान ७ ते कमाल १४ वर्षे कैद आहे. परवानाधारक वारला असेल तर वारसाला अर्ज करता येतो, पण वारशाने आलेली धरूनही दोनच शस्त्रांची मर्यादा आहे. परवाना नसलेले शस्त्र सापडले तर विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा; शक्यतो वकिलाचा सल्ला घेऊन आणि लेखी पोच मागून.

तोवर हात लावू नका. ऐंशी वर्षांपूर्वीची गोळी आत असू शकते. ल्यूगर भरलेले असेल तर वरचा आकडा किंचित उचलला जातो आणि ‘गेलाडेन’ हा शब्द दिसतो, पण गंजलेल्या शस्त्राच्या खुणेवर भरवसा ठेवायचा नसतो. फोटो लांबूनच काढा, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. होल्स्टर हे शस्त्र नव्हे, ते घरी ठेवता येते. मात्र त्याच्या खिशातले मॅगझिन हा शस्त्राचा भाग ठरू शकतो आणि काडतुसांना वेगळे नियम आहेत. तो खिसाही पोलिसांसमोरच रिकामा होऊ द्या.

माझी तक्रार या टप्प्याची आहे. भीतीपोटी अनेक कुटुंबे पिस्तूल विहिरीत टाकतात, आणि शिक्के, क्रमांक, होल्स्टरची छाप असा सगळा पुरावा पाण्यात जातो. जमा करतानाच एका पानाचा नमुना भरून घ्यावा : क्रमांक, सर्व शिक्क्यांचे फोटो, सैनिकाची पलटण, तो कुठे लढला. एक प्रत कुटुंबाला, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला, एक पलटणीच्या केंद्राला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल.