टायकोच्या परिसराची साक्ष

पौर्णिमेच्या रात्री दुर्बीण चंद्राच्या दक्षिण भागाकडे रोखली असता, टायको नामक विवरापासून निघून सुमारे १५०० किलोमीटर पसरलेले, आघाताने उधळलेल्या द्रव्याचे जे शुभ्र पट्टे दृष्टीस पडतात, ते पाहिल्यावर विवर म्हणजे निव्वळ खड्डा, ही आपली समजूत टिकत नाही. व्यास सुमारे ८५ किलोमीटर. मध्यभागी, आघातानंतर उसळून तसेच थिजलेले, तळापासून दोन किलोमीटर उंच शिखर. आणि त्या शिखराच्या माथ्यावर शंभर मीटरांहून रुंद असा एक शिलाखंड, जणू कोणी ठेवून विसरलेला! परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की टायकोचे सुमारे ११ कोटी वर्षे हे वय विवरात कोणीही न उतरता, १९७२ साली अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या दरीतून आणलेल्या, टायकोच्या आघाताच्या खुणा असलेल्या मातीवरून अनुमानिले गेले.

विवराबाहेर उधळलेली अशी साक्ष आपल्याकडेही आहे. आपल्या लोणारचे आघाताने झालेले विवर, चंद्रावरील कित्येक विवरांप्रमाणे, बेसाल्ट खडकात कोरलेले असल्यामुळे चांद्रविवरांच्या अभ्यासकांस ते मोलाचे वाटते. आपण मात्र त्या विवरातील सरोवराच्या पाण्याचा रंग बदलला की तेवढ्यापुरते जागे होतो. खरे तर विवराच्या काठाबाहेर आघाताने उधळलेल्या दगडमातीचा थर हा अस्सल दस्तऐवज होय. त्याची रीतसर मोजणी व्हावी, त्याची हद्द महसुली दप्तरात नोंदली जावी आणि त्या हद्दीत मुरूम उपसण्यास सक्त मनाई असावी, अशी माझी सरकारास सूचना आहे.