चिमणीची पिशवी

वाढदिवसाच्या समारंभात निमंत्रित बालकांना परतभेट देण्याची प्रथा आपल्या व्यापारी कुटुंबांत आता चांगलीच रुजली आहे. या परतभेटींचा एक अलिखित चोपडाही असतो. कोणी काय दिले याची नोंद प्रत्येक घर ठेवते आणि पुढील वर्षी त्याहून वरचढ वस्तू शोधू लागते. खातेवह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास या चोपड्यात केवळ नावेची बाजू दिसते. त्या दोन तासांत बालकाने स्वतःच्या हाताने काय केले, हा रकाना कोराच असतो.

नातीच्या चौथ्या वाढदिवसास म्हणून आम्ही कागदी पिशव्यांचा बेत केला. मुले बारा, वये तीन ते पाच, विषय एकच : चिमणी.

वह्यांना आवरण घालण्याचा खाकी कागद चिमणीच्या रंगास शोभतो आणि घडीही चांगली धरतो. रद्दी वर्तमानपत्र फुकट मिळते खरे. परंतु छपाईच्या शाईमुळे त्यात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बजावलेले आहे, आणि बालकांच्या पिशवीत खाऊ पडणारच. चिकटविण्यासाठी घरीच खळ करावी. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळावा. पारंपरिक सरस प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून होतो, तेव्हा तो आपल्या घरांत येण्याचा प्रश्नच नाही.

तीस सेंटिमीटर लांब व वीस सेंटिमीटर रुंद कागद मधोमध दुमडून मोकळी कड चिकटवावी, तळ दोनदा दुमडून चिकटवावा, वर कागदाच्या पट्टीचा बंद लावावा. हे काम मोठ्यांनी आदल्या रात्रीच उरकावे. या वयात काटकोनातील घडी जमत नाही. फाडणे, चुरगाळणे, बोटाने खळ फासणे आणि चिकटविणे मात्र मुले तल्लीन होऊन करतात. म्हणून पंख फाडलेल्या कागदाचे, चोच रंगीत कागदाच्या त्रिकोणाची आणि डोळे म्हणजे कपाळावर लावावयाच्या मोठ्या काळ्या टिकल्या. मणी, खडे देऊ नयेत; ते तोंडात जातात.

इथवर सर्व सोपे आहे. कठीण आहे ते मोठ्यांनी हात आवरणे. एका मुलाने दोन्ही टिकल्या चोचीच्या एकाच बाजूस लावल्या. त्याची आई पुढे सरसावली, तोच तो म्हणाला, ‘‘ती तिकडे बघतेय ना!’’ आई थांबली. दुसऱ्या एका बालिकेची पिशवी मात्र तिच्या मावशीने झटपट ‘नीट’ करून दिली. पंख समान, डोळे समान, सर्वांत देखणी पिशवी तीच. निघतेवेळी ती बालिका पिशवी मेजावरच विसरून गेली. वाकड्या अकराही पिशव्या मात्र आपापल्या घरी पोहोचल्या.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. एकीची भाषा मराठी, दुसऱ्याची गुजराती. पुढे बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी भोवतालचे खडे, शंख, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या. परतभेटीच्या दुकानात शिरण्यापूर्वी आपण त्यांचे स्मरण अवश्य करावे. दुकानदार वाचकांनी माझ्यावर रागावू नये, खाकी कागद व टिकल्याही दुकानातूनच आणल्या आहेत!

पिशवीत काय घालावे, यावर घरात बरीच चर्चा झाली. चॉकलेटचा ठराव सूनबाईंनी मांडला, तो निम्माच संमत झाला. एक चिक्की आणि एका पुडीत मूठभर ज्वारी, असे ठरले. ज्वारी गच्चीवर चिमण्यांसाठी टाकावयाची.

तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या आजोबांचा दूरध्वनी आला. ज्वारी संपली होती. घरात पोतेभर धान्य असताना नातवास ‘चिमणीवालीच’ ज्वारी हवी होती, आणि ती आणण्यासाठी तो पिशवी घेऊन दारात उभा होता.