वैमानिकाच्या झोपेचा हिशेब उघड करा

तंजावूरच्या राजवाडा परिसरातून दुबईला जायचे तर आधी साठेक किलोमीटरवरचे तिरुचिरापल्ली गाठायचे आणि पुष्कळदा मध्यरात्रीनंतरचे विमान धरायचे. १२ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री दीडच्या सुमारास एअर इंडिया एक्स्प्रेसचे असेच एक विमान १३० प्रवाशांना घेऊन उडताना विमानतळाच्या कुंपणभिंतीला घासले. पोटाला चीर पडलेले ते विमान पहाटे मुंबईला सुखरूप उतरले. इंजिनांचा जोर नकळत कमी झाला होता आणि दोन्ही वैमानिकांच्या ते ध्यानात आले नाही, असे चौकशीत निघाले. त्या चुकीचा दोष हे पत्रक झोपेवर ढकलत नाही. मंगळुरूची गोष्ट मात्र वेगळी आहे.

२२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले विमान मंगळुरूच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. हेच वैमानिक आदल्या रात्री मंगळुरूहून विमान घेऊन दुबईला गेले होते आणि थोड्या वेळात परत निघाले होते. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयापुढे कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण आले. सुमारे दोन तासांच्या त्या मुद्रणात पहिला दीड तासाहून अधिक काळ मुख्य वैमानिक झोपलेला होता. घोरणेही ऐकू येत होते. उतरण्याच्या वेळी तो जागा होता, पण गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर राहणारी गुंगी गेलेली नव्हती. विमान फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जायला तीनदा सांगितले. ते मानले गेले नाही.

असे काही झाले की वैमानिकाच्या शिस्तीवर बोट ठेवणे सोपे असते. वास्तविक रात्रपाळीचे वैमानिक झोपेसाठी धडपडतातच. निघण्यापूर्वी दुपारी झोपतात, खोलीला जाड पडदे लावतात, फोन दूर ठेवतात, कॉफीची वेळ ठरवतात. पण रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीराचे घड्याळ झोपेकडेच ओढते, आणि दिवसाची झोप तुटक होते. तंजावूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. आपल्याकडे उड्डाणापूर्वी श्वासचाचणीत मद्याचा लवलेश सापडला तरी वैमानिक घरी जातो. जागरणाची अशी चाचणी नाही. तिच्या जागी आहेत ते कामाच्या तासांचे नियम, आणि म्हणूनच त्यांत सूट देणे हा कारभाराचा किरकोळ भाग ठरत नाही.

विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये हे नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेरचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. महिनाभरात इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द होऊ लागली. जवळजवळ दोन वर्षे हातात असूनही पुरेसे वैमानिक तयार नव्हते! ५ डिसेंबरला डीजीसीएने काय केले? ज्या कंपनीची तयारी नव्हती तिलाच रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत मोकळीक दिली. विमानतळांवर अडकलेल्या लोकांचे हाल खरे होते, पण त्यांचा भार वैमानिकाच्या झोपेवर टाकण्यात आला.

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. दोनशे वर्षांपूर्वी एकेका रुग्णाचे असे टिपण ठेवले गेले आणि आज ते अभ्यासकांना पाहता येते. विमान कंपन्या वैमानिकांच्या थकव्याचे अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला देतात, असा नियमच आहे. तेही असेच सर्वांना पाहता यावेत, कंपनीच्या नावासह जाहीर व्हावेत: किती वैमानिकांनी थकल्याचे कळवले, किती जणांचे ऐकले, कोणाचे कशासाठी नाकारले. तक्रार करणाऱ्याचे नाव मात्र गुप्त राहावे. आणि यापुढे कोणत्याही कंपनीला झोपेच्या नियमांतून सूट द्यायचीच असेल, तर त्या मुदतीतल्या प्रत्येक रात्रीच्या तिकिटावर तसे ठळक अक्षरांत छापावे.