पिंवळ्या ट्रॅक्टरांचें मोल

ट्रॅक्टर म्हटला म्हणजे नांगरट डोळ्यांपुढें उभी राहते. वस्तुतः आपल्या ऊसपट्ट्यांत कित्येक ट्रॅक्टर हंगामभर कारखान्याकडे उंसाच्या ट्रॉल्या ओढण्याचेंच काम करितात, हें वाचकांस सांगावयास नकोच. अमेरिकेंत ट्रॅक्टरचा हा दुसरा उपयोग फार पूर्वींच ओळखला गेला, व सडका, गोदामें आणि कारखान्यांचीं आवारें येथें राबण्याकरितां 'औद्योगिक' ट्रॅक्टर निराळे घडविले गेले. जुन्या यंत्रांच्या शौकिनांत आज या जातीस मोठा भाव येतो. तो कितपत रास्त आहे, याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

जॉन डीअर कंपनीचे 'एआय' व 'बीआय' हे दोन नमुने घेऊं. आयोवा संस्थानांतील वॉटर्लू येथें ते १९३६ पासून १९४१ पर्यंत तयार झाले. याच कंपनीचे 'ए' आणि 'बी' हे शेतकी ट्रॅक्टर १९५२ पर्यंत निघत राहिले, व त्यांची संख्या प्रत्येकीं तीन लक्षांच्या आसपास गेली. उलट एआय शंभरहि भरले नाहींत, आणि बीआय दोनशेंच्या आंतच राहिले. आडव्या दोन सिलिंडरांचें इंजिन तेंच. फरक काय तो बाह्यांगाचा. हिरव्याऐवजीं सडकेवरचा पिंवळा रंग, चालकास पाठ टेकतां येईल अशी गादीची बैठक, आणि चौकटीवर निरनिराळीं अवजारें बोल्टानें जखडण्यासाठीं भोकें पाडलेल्या जागा. बीआयचा पुढला आंस तर कांहीं इंच मागें घेतलेला असे.

मुळांत थोडे, आणि त्यांतूनहि उरले फारच थोडे. याचें कारण आमच्या मतें मालकींत आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर निकामी झाला तरी गोठ्यामागें पडून राहतो; वडिलांनीं घेतलेला, म्हणून मुलगा तो मोडींत घालण्यास कचरतो. नगरपालिकेच्या किंवा कंत्राटदाराच्या यंत्रास असा कोणी वारस नसतो. काम सरलें कीं लिलाव, आणि लिलावानंतर बहुधा भट्टी. त्यांत १९४२ सालीं युद्धासाठीं अमेरिकेंत जुनें लोखंड गोळा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली, व असंख्य जुनीं यंत्रें तींत गेलीं. कांहीं औद्योगिक ट्रॅक्टर मात्र शेतकऱ्यांनीं स्वस्तांत घेऊन नांगरास जुंपले, आणि ते हिरवे रंगवून टाकले. हा रंग कित्येकांच्या पथ्यावरच पडला असावा!

परंतु दुर्मिळ म्हणजे मोलाचें, हें समीकरण आम्हांस मान्य नाहीं. कोणास नको होती म्हणूनहि एखादी वस्तु थोडी निघते. एआय-बीआयचें खरें मोल हें कीं, बैलाची जागा घेणारें यंत्र हमाल, झाडूवाला व क्रेन यांचीहि जागा कशी घेऊं लागलें, याचा लोखंडी पुरावा त्यांच्या अंगावर आहे. तो पुरावा चौकटीच्या भोकांत, झिजलेल्या कडांत व जुन्या रंगाच्या पोपड्यांत असतो. म्हणूनच ओरखडे भरून, भोकें बुजवून आरशासारखा चकचकीत केलेला ट्रॅक्टर अधिक किंमतीचा मानण्याची जी रूढि पडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. गंज थांबविलाच पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. परंतु त्याकरितां तेल पुरे होतें.

या रूढीनें लबाडीसहि वाट मिळते. साधा 'बीआर' घ्यावा, त्यावर पिंवळा हात फिरवावा, दुसरी बैठक चढवावी, कीं दिसण्यांत बीआय तयार! गिऱ्हाईक अनुक्रमांक पाहून निश्चिंत होतो, पण तेवढ्यानें भागत नाहीं. शेतकी बीआर, फळबागेचा 'बीओ' व औद्योगिक बीआय हे तिन्ही एकाच अनुक्रमांत मिसळून निघाले होते. एआर, एओ व एआय यांचीहि तीच गोष्ट. अमुक क्रमांकाचें यंत्र कोणत्या प्रकारचें होतें, हें कारखान्याच्या जुन्या दप्तरांतील नोंदीवरूनच ठरतें. चौकट व आंस तपासावे हें खरें, पण कसबी कारागीर भोकें नवींहि पाडूं शकतो. दप्तरांतील नोंद त्याच्या हातची नसते.

आमची सूचना एवढीच कीं, विक्रेता नोंदीचा उतारा दाखवीपर्यंत गिऱ्हाईकानें थैलीची गांठ सोडूं नये. उतारा न मिळाल्यास त्या ट्रॅक्टरास हिरव्या बीआरचीच किंमत द्यावी; पिंवळ्या रंगाचा खर्च विक्रेत्यानें सोसावा.