यंत्राला विचारण्यापूर्वी

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील तरुण निवासी डॉक्टर मधूनच खिशातील मोबाइल काढून चॅटजीपीटीसारख्या यंत्राला सल्ला विचारतात, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. मात्र वरिष्ठांसमोर कोणी ती कबूल करीत नाही आणि वरिष्ठही विचारीत नाहीत. आम्हांस यंत्रापेक्षा या परस्परसंमत मौनाचीच अधिक चिंता वाटते.

हे यंत्र टाकाऊ आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात ते लोकांच्या हाती आले. २०२३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या प्रश्नांवर त्याने उत्तीर्णतेच्या काठापर्यंत मजल मारल्याचे दिसून आले. शिवाय ज्याला दिवसभर वॉर्डात उभे राहून रात्री डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा उपसावयाचा आहे आणि त्यातूनच एम.डी.चा प्रबंधही लिहावयाचा आहे, त्याने मिळेल तो मदतनीस धरला, तर त्याला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम घेऊ नये, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला २०२४ साली करावी लागली. प्रत्यक्षात किती तास भरत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. (प्रबंधासाठी यंत्राने पुरविलेले संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतात, हे परीक्षकांनीही ध्यानात ठेवलेले बरे.)

आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. साठीची एखादी मधुमेही बाई बाह्यरुग्ण विभागात येते आणि सांगते, ‘सकाळपासून घाबरल्यासारखं होतंय.’ आपल्याकडे या एका शब्दात भीती, धडधड, धाप, घाम असे काहीही बसते. घाईत असलेला नवशिका डॉक्टर त्याचे इंग्रजीत ‘अँग्झायटी’ करून यंत्रापुढे ठेवतो, आणि यंत्र चिंताविकाराविषयी सुबक, मुद्देसूद उत्तर देते. पण मधुमेह्याला छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. रक्तातील साखर उतरली तरी जीव घाबरा होतो. येथे चूक घडली ती यंत्राकडे जाण्यापूर्वीच. ‘घाबरल्यासारखं म्हणजे नेमकं काय होतं, आजी?’ एवढे विचारून नाडीवर हात ठेवावयास हवा होता. यंत्राच्या उत्तरातील ठाम सुरामुळे ही चूक झाकली मात्र जाते.

ज्यांचा हात बसलेला आहे, तेही यातून सुटत नाहीत असे दिसते. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत संशयित गाठी दाखवून देणारे यंत्र पोलंडमधील चार केंद्रांत वापरात आले. ते संभाषण करणारे नव्हे, केवळ चित्र पाहणारे यंत्र. त्याची सवय जडल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. पण ते डॉक्टर अनुभवी होते. ज्याने कौशल्य अद्याप कमावलेलेच नाही, त्याचे काय?

आमची सूचना साधी आहे. निवासी डॉक्टरने आपले तात्पुरते निदान केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात, वेळ घालून, आधी लिहावे. मग हवे तर यंत्र उघडावे, तेही राऊंडला सर्वांदेखत. आणि दोहोंत फरक पडला, तर तो का पडला याची चर्चा प्राध्यापकांनी तेथेच करावी. रुग्णाचे नाव वा कागद मात्र परक्या कंपनीच्या यंत्रात जाता कामा नयेत. रुग्ण आपले दुखणे डॉक्टरला सांगतो, कंपनीला नव्हे.

अर्थात हे घडावयाचे, तर राऊंडला प्राध्यापक हवेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या रिकाम्या जागा केव्हा भरणार, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे.